रॉटरडॅमचा फोटो स्टॉप

“माझी खुर्ची खाली काढा,” मी म्हणाले.

पुष्करनं माइक तोंडापासून लांब धरला. तो आमचा टूर मॅनेजर. तिशीच्या आतला, गळ्यात कंपनीचा पट्टा, हातात केशरी झेंडी. गटातल्या सगळ्यांना तो काका-काकू म्हणायचा आणि सगळा गट त्याच्यावर खूश होता. मीसुद्धा होते, पॅरिसपर्यंत.

“काकू, इथं फक्त फोटो स्टॉप आहे. चाळीस मिनिटं. तुम्ही आपल्या निवांत बसा. एसी चालू ठेवायला सांगतो.”

“खुर्ची कुठाय?”

“खाली डिकीत. पण वरती सगळ्यांच्या बॅगा आहेत ना. आज हॉटेल बदलतोय आपण.”

“मग बॅगा काढा.”

उतरायला उठलेली माणसं मधल्या वाटेत तशीच थांबली. शेजारच्या सीटवरून माझ्या नवऱ्यानं, शांतिनाथनी, माझ्या मनगटावर हात ठेवला. “पद्मा, कशाला उगाच? मी पटकन जाऊन येतो. फोटो आणतो तुझ्यासाठी.”

फोटो. पॅरिसच्या मनोऱ्याचे फोटो आणले होते त्यांनी. ब्रुसेल्सच्या चौकाचे, ॲमस्टरडॅमच्या कालव्यांचे. ॲमस्टरडॅमला तर सगळा गट बोटीत बसून फिरला आणि मी बसच्या खिडकीतून एका सायकलींच्या ढिगाकडे बघत बसले होते. परत आल्यावर ते बिचारे एकेक फोटो मोठा करून दाखवायचे. हे बघ, हे बघ. मी बघायचे. छान आहे म्हणायचे. माझा नवरा वाईट माणूस नव्हता. कुणाला आपल्यामुळं त्रास होऊ नये एवढंच त्यांना आयुष्यभर वाटत आलं, आणि त्यात मी त्यांच्या बाजूची म्हणून माझ्या त्रासाचा हिशेब कधी झाला नाही.

मी मगदूम. पद्मजा मगदूम, सांगलीची. मिरज रस्त्यावर एका ट्रकनं माझ्या स्कूटरला उडवलं तेव्हापासून कमरेखाली मला काही कळत नाही. युरोपला गेलो त्या मे महिन्यात त्याला नऊ वर्षं झाली होती. सहल बुक करताना कंपनीच्या ऑफिसात सांगितलं होतं, व्हीलचेअर आहे म्हणून. ते म्हणाले, काही काळजी करू नका, आम्ही सगळं बघतो. त्यांनी बघितलं ते असं: सकाळी दोघांनी धरून मला बसमध्ये चढवायचं, संध्याकाळी दोघांनी धरून उतरवायचं आणि मधला सगळा युरोप काचेपलीकडं.

त्या दिवशी मात्र काचेपलीकडं मी एक वेगळंच काहीतरी बघितलं होतं. बस थांबता थांबता शेजारच्या रुळांवर एक ट्राम येऊन उभी राहिली. मधलं दार उघडलं आणि आतून एक म्हातारी बाई बाहेर आली, विजेवर चालणाऱ्या तीनचाकी गाडीत बसून. कुणी धरलं नाही, कुणी उचललं नाही, कुणी वळूनही बघितलं नाही. फलाट आणि ट्राम एका पातळीवर होते. बाईनं दांडा वळवला, पुढच्या टोपलीतली पिशवी सारखी केली आणि ती रस्ता ओलांडून निघून गेली. सावळी होती, केस पांढरे, अंगात पिवळाधमक कोट. ती दिसेनाशी होईपर्यंत मी मान वळवून बघत राहिले.

“फोटो नको मला,” मी नवऱ्याला म्हणाले. “मीच जाते.”

“काकू, प्लीज समजून घ्या,” पुष्कर म्हणाला. “बॅगा काढायच्या, परत भरायच्या, त्यातच सगळा वेळ जाईल. बाकीच्या लोकांचा विचार करायला नको का?”

“आठवडाभर तोच करतेय.”

मी सीटवरून वाटेत घसरले आणि मधल्या वाटेवर बसले. मग हातांवर जोर देत पुढं सरकू लागले. नऊ वर्षांत माझे दंड आमच्याकडच्या तालमीतल्या पोरांसारखे झालेत. लोक घाईघाईनं बाजूला झाले. कुणीतरी “अरे अरे” म्हणालं. दाराशी तीन उंच पायऱ्या होत्या. पाय हातानं उचलून खालच्या पायरीवर ठेवायचे, मग आपण उतरायचं, परत पाय. कुडता मळला, एक चप्पल पडली. पुष्कर वरून “काकू, काकू” करत होता, पण हात लावायचं धाडस त्याला होईना. शेवटच्या पायरीवर बसून मी वर बघितलं तर आमचा पोलिश ड्रायव्हर डिकीचं दार उघडून एकेक बॅग बाहेर फेकत होता. त्याला मराठी येत नव्हती, पण भांडण कशावरून चाललंय ते समजायला भाषा लागत नाही. त्यानं माझी खुर्ची काढली, उघडली, ब्रेक लावला आणि माझी चप्पल आणून पायात घातली. मग तो बाजूला जाऊन सिगारेट ओढू लागला.

शांतिनाथ खाली आले होते. “थांब, ढकलतो,” ते म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

“नको. मला जमतंय.”

आणि खरंच जमत होतं. हे मला आधी कळलंच नाही; थोडं पुढं गेल्यावर लक्षात आलं. सांगलीत घराबाहेर वीस पावलं जायचं तर खड्डा, गटार, पायरी, उभी केलेली मोटारसायकल. इथं रस्ता संपून फूटपाथ सुरू होत होता ते फक्त फरशीचा रंग बदलल्यामुळं समजत होतं.

आता आमच्या ओळखीतलं कुणी हॉलंडला मुलाकडं निघालं की मला फोन येतो. काकू, रॉटरडॅमला काय बघू? मी सांगते, ट्राम किंवा मेट्रोनं ब्लाक नावाच्या स्टेशनला उतरा. वर आलात की एका बाजूला पिवळी घरं दिसतील, चौकोनी खोकी कुणीतरी एका कोपऱ्यावर उभी केल्यासारखी तिरकी. ती बाहेरूनच बघा. आत उभा जिना आहे, आणि गुडघे धड नसतील तर उगाच पैसे घालवू नका. दुसऱ्या बाजूला घोड्याच्या नालेसारखी एक भलीमोठी इमारत आहे, तिच्या कमानीत माणसं राहतात आणि पोटात बाजार भरतो. तिथं जा. आत शिरल्यावर लगेच काही विकत घेऊ नका, आधी मान वर करा.

त्या दिवशी मी मान वर केली आणि विसरूनच गेले की मी भांडून आलेय. त्या कमानीच्या सगळ्या छतावर रंगीत फळं, भाज्या, मासे, फुलं, किडे चितारलेले होते. एकेक द्राक्ष मोटारीएवढं. सगळं जणू आपल्या अंगावर कोसळणार आणि कोसळत मात्र नाही. आमच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हाही गजबज असते, पण तिथं मान वर केली तर पत्रा दिसतो.

“बाई, वाटेतून बाजूला हो. मागं गर्दी झालीय.”

मी दचकले. हिंदी होती, पण आपल्या कानाला सवय असलेली नव्हती. भोजपुरीसारखी, मध्येच वाकडी होणारी. मागं तोच पिवळा कोट होता.

“तुम्ही भारतातल्या?” मी विचारलं.

“माझा पणजोबा होता. त्याला जहाजात घालून सुरीनामला नेलं, ऊस तोडायला. मी तिथून इथं आले. नाव राजकुमारी.” मी हसले तशी तीही हसली. सत्तरी उलटलेली असेल. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. “साखर,” ती पायाकडं बोट दाखवून म्हणाली. “पणजोबानं ऊस तोडला, साखरेनं माझा पाय तोडला. तुझं काय?”

“ट्रक.”

“एकटीच आलीस?”

“चाळीस मिनिटांसाठी.” मी बाहेर उभ्या असलेल्या बसकडं बोट केलं. “मग पवनचक्क्या बघायला जायचंय. म्हणजे ते जाणार. मी बसमध्ये.”

“का?”

मी सांगितलं. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम. ती ऐकत होती आणि पिशवीतली द्राक्षं तोंडात टाकत होती.

“ॲमस्टरडॅम सोड,” ती म्हणाली. “दिसायला सुंदर, पण सगळीकडं जिने. ते शहर आपल्यासाठी बांधलेलंच नाही. हे आहे. तुला माहितीय का? इथं जुनं काही नाही. लढाईत जर्मनांनी बाँब टाकले आणि एका दुपारी मधलं सगळं शहर जळून गेलं. माणसं मेली, घरं गेली. उरलं ते मोठं चर्च, तेही नुसत्या भिंती. मग ह्यांनी ठरवलं, होतं तसं परत बांधायचं नाही. नवंच बांधायचं. रुंद, सपाट, लिफ्टवालं. माझी शेजारीण अजून जुन्या शहरासाठी रडते. मी तिला म्हणते, रड. पण जुनं असतं तर मी घरात पडले असते.”

ती बोलली त्यातलं निम्मंच मला समजलं असेल. पण एक वाक्य नीट समजलं. ती म्हणाली, “पवनचक्क्यांना बोट जाते. मोठ्या पुलाखालून. माझी गाडीसुद्धा चढते तीत.”

मी तिच्याकडं बघितलं. तिनं भुवया उंचावल्या.

बसपाशी परत गेले तेव्हा सगळे चढून बसले होते. पुष्कर दारात घड्याळ बघत उभा होता. शांतिनाथ माझ्यासाठी खाली थांबले होते.

“चला काकू, उशीर झालाय,” पुष्कर म्हणाला.

“मी येत नाही. पवनचक्क्यांपाशी भेटते तुम्हाला. बोटीनं येते.”

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग त्याला राजकुमारी दिसली आणि त्याचा चेहरा बदलला. “काकू, असं चालत नाही. गटातून कुणाला सोडता येत नाही. तुम्ही हरवलात, तुम्हाला काही झालं तर जबाबदारी कुणाची?”

“माझी.”

“लिहून द्यावं लागेल.”

“दे कागद.”

त्यानं खरंच कागद दिला. मी मांडीवर धरून लिहून दिलं आणि सही केली. “पाच वाजेपर्यंत बस तिथं आहे,” तो म्हणाला. “त्यानंतर मी थांबू शकणार नाही. हे मी सगळ्यांसमोर सांगतोय.”

“मीही सगळ्यांसमोर ऐकतेय.”

मग मी नवऱ्याकडं वळले. “येताय?”

ते बसकडं बघत होते. खिडक्यांना चेहरे चिकटले होते. सांगलीचे, कोल्हापूरचे, इचलकरंजीचे लोक, आठवडाभर एका टेबलावर जेवलेले. एक काका मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटून दाखवत होते.

“पद्मा, सगळे खोळंबलेत गं,” ते हळूच म्हणाले. “तू हट्ट करायचा आणि मीपण? आपलं सामान आहे बसमध्ये. परक्या देशात... तू चल ना. मी संध्याकाळी पुष्करशी बोलतो. नीट समजावून सांगतो त्याला.”

“तुम्ही जा.”

“तू...”

“जा म्हणतेय ना.”

मग खिशातला फोन काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. आमच्या दोघांत तिकडं चालणारा तो एकच फोन होता. मग ते बसच्या पायऱ्या चढले. दार मिटलं. बस वळली आणि मी हात हलवला नाही. खोटं कशाला बोलू, तोवर मला वाटत होतं ते उतरतील. पुढच्या सिग्नलला बस थांबली तेव्हाही वाटलं. सिग्नल हिरवा झाला.

“नवरा?” राजकुमारीनं विचारलं.

“हो.”

“चल. वारा सुटायच्या आत.”

त्या बाजारापासून नदीपर्यंतचा रस्ता मी अजून सगळ्यांना सुचवते. सरळ आहे, विचारावं लागत नाही. फक्त लाल रंगाच्या पट्ट्यावर थांबू नका, तो सायकलवाल्यांचा. ते घंटी वाजवतील आणि मग शिव्या घालतील. राजकुमारी त्याच पट्ट्यावरून सुसाट निघाली होती, आणि मी तिच्या गाडीमागं घामाघूम होऊन चाकं फिरवत होते. हातमोजे नव्हते. तळवे सोलवटले. मध्ये एकदा ती थांबून म्हणाली, “माझ्या गाडीला धर मागून, ओढते.” मी नको म्हणाले. दुसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही.

जुन्या गोदीपाशी, पाण्याच्या काठावर, एक पुतळा आहे. तो चुकवू नका. काळा, उंच, माणसाचा, पण माणूस असा वाटत नाही. गुडघे वाकलेले, धड पिळवटलेलं, आणि छाती-पोटाच्या जागी आरपार भोक. दोन्ही हात आभाळाकडं वर फेकलेले. बाँब पडले त्याची आठवण म्हणून उभा केलाय, राजकुमारीनं सांगितलं. शेजारी एक शाळेची सहल आली होती आणि त्यांच्या बाई पोरांना हळू आवाजात काहीतरी सांगत होत्या.

“काय दिसतं तुला?” राजकुमारीनं विचारलं. “माझी शेजारीण म्हणते तो दयेची भीक मागतोय.”

मी खाली बसलेली, त्यामुळं मला तो पार खालून दिसत होता. त्याच्या भोकातून ढग सरकत होते. तळहात उघडे होते, पण भीक मागणाऱ्याचे नव्हते. मी बराच वेळ बघितलं.

“भीक नाही मागत,” मी म्हणाले. “शिव्या घालतोय.”

राजकुमारी इतक्या मोठ्यानं हसली की शाळेची पोरं वळून बघायला लागली. आणि मग मला रडू आलं. रस्त्याच्या मधोमध, परक्या गावात, हुंदके देऊन. अपघात झाल्यापासून मी रडले नव्हते असं नाही, पण ते सगळं उशीत तोंड खुपसून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. राजकुमारीनं मला गप्प केलं नाही. द्राक्षांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि ती पाण्याकडं बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “झालं? बोट सुटेल.”

मोठा पूल पांढरा आहे, एका बाजूनं वर ताणलेला, लोक त्याला हंस म्हणतात. वर जाऊन बघायचा असेल तर डोक्याला रुमाल बांधा, नदीवरचा वारा पदर-ओढणी काही ठेवत नाही. पण मी म्हणेन तो खालून बघा. बोटीचा धक्का पुलाच्या जवळच आहे. एक गणवेश घातलेली मुलगी आली, तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, लोखंडी फळी टाकली आणि बाजूला उभी राहिली. एवढंच. “बिचारी” म्हणणारा चेहरा तिनं केला नाही.

राजकुमारी चढली नाही. तिला घरी कुणाचा तरी नातू सांभाळायचा होता. “पत्ता देऊ?” मी विचारलं.

“कशाला? तू पत्रं लिहिणार, मी वाचणार नाही. मला वाचता येते ती भाषा तुला येत नाही.” तिनं माझा सोललेला तळवा उलटा करून बघितला. “हातमोजे घे,” म्हणाली आणि गाडी वळवून निघून गेली. तिच्याकडून मला मिळालेली शेवटची सूचना तीच, आणि ती मी सगळ्यांना पुढं सांगते.

पूल डोक्यावरून सरकला. वर ट्राम चालली होती, तिचा आवाज पाण्यावर आला. दोन्ही काठांवर काचेच्या इमारती, मग क्रेन, मग जहाजं दुरुस्त करण्याचे कारखाने, मग एकदम गवत आणि गाई. तोंडावर पाणी उडत होतं. माझ्या शेजारी कुणी नव्हतं. गेली नऊ वर्षं माझ्या शेजारी सतत कुणीतरी असायचं, काही लागलं तर म्हणून. मला काही लागलं नाही.

पवनचक्क्यांच्या धक्क्यावर ते उभे होते. एकटेच. बाकी सगळा गट लांब काठाकाठानं फोटो काढत पसरला होता. बोट लागेपर्यंत ते एकदा माझ्याकडं, एकदा पाण्याकडं बघत होते. मी फळीवरून खाली आले. ते पुढं आले. माझे हात बघितले, खिशातला रुमाल काढला आणि एका तळव्याला बांधला. दुसऱ्याला बांधायला काही नव्हतं.

“पवनचक्क्या बघितल्या?” मी विचारलं.

“नाही.”

“का?”

“उतरलोच नाही बसमधून. सगळे गेले. मी बसलो तिथंच, तुझ्या सीटवर. बोट दिसली तेव्हा उतरलो.” मग त्यांनी विचारलं, “पद्मा, इतका वेळ तू बसून काय करायचीस गं?”

“वाट बघायचे.”

त्यांनी मान हलवली. मग आम्ही दोघांनी पवनचक्क्या बघितल्या. चांगल्या आहेत. पण खरं सांगू, चित्रात दिसतात तशाच आहेत.

पुष्कर बसपाशी म्हणाला, “काकू, तुम्ही आलात बरं झालं. पण असं परत करू नका.”

“नाही करणार,” मी म्हणाले. “कारण उद्यापासून माझी खुर्ची सगळ्यांत शेवटी डिकीत जाईल आणि सगळ्यांत आधी बाहेर येईल.”

तो नवऱ्याकडं बघायला लागला, ते काहीतरी समजूतदार बोलतील म्हणून. शांतिनाथ आपल्या एका बुटाची नाडी बांधत होते. ती सुटलेली नव्हती.

उरलेल्या सहलीत खुर्ची शेवटी आत गेली आणि आधी बाहेर आली. काही लोक आमच्याशी बोलेनासे झाले. एका टेबलावर आम्ही दोघंच जेवायचो. मला वाटलं होतं, गोष्ट इथंच संपली.

ती संपली नव्हती हे सांगलीत गाडी बिल्डिंगसमोर थांबली तेव्हा समजलं.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हौसेनं घेतलेलं, दोन गॅलऱ्यांचं. अपघातानंतर दवाखान्यातून आणलं तेव्हा मला उचलून वर नेलं, आणि त्यानंतर मी खाली यायची ती फक्त डॉक्टरांकडं जायला आणि लग्नकार्याला. वर्षातून किती वेळा, बोटं पुरतील. गॅलरीतून रस्ता दिसायचा. भाजीवाला, शाळेच्या रिक्षा, कोण कुणाकडं आलं, कुणाची नवी गाडी. सगळं मला माहीत असायचं. लोक म्हणायचे, मगदूम वहिनींना घरबसल्या सगळं कळतं.

वॉचमन मल्लाप्पा आणि समोरचा दूधवाला नेहमीप्रमाणं दोऱ्या बांधलेली प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आले. जिन्यावरून वर न्यायला. “आलात वहिनी? कशी झाली ट्रिप? बसा,” मल्लाप्पा म्हणाला.

मी त्या खुर्चीकडं बघितलं. मग जिन्याकडं.

“मी वर जाणार नाही,” मी म्हणाले.

शांतिनाथ बॅगा उतरवत होते. त्यांचे हात थांबले. “म्हणजे?”

“म्हणजे तळमजल्यावर घर बघा. मिळेपर्यंत मी इथंच.”

“इथं कुठं?”

“इथं. पार्किंगमध्ये.”

बातमी जिन्यानं वर गेली आणि सेक्रेटरी भोकरे खाली आले, बनियनवर शर्ट चढवत. माणूस भला, नियमाचा. “वहिनी, दमून आलाय तुम्ही. वर चला, आराम करा, उद्या बोलू. असं पार्किंगमध्ये बसणं बरं दिसत नाही.”

“दिसत नाही ना?” मी म्हणाले. “भोकरे, नऊ वर्षं मी वर बसले होते. ते तरी कुणाला दिसत होतं?”

पहिल्या मजल्यावरच्या बायका कठड्यावरून वाकून बघत होत्या. शांतिनाथ जिना चढून गेले. बॅगा खालीच होत्या. मला वाटलं, संपलं, परत सिग्नल हिरवा झाला. भोकरेंनाही तेच वाटलं असावं. त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

मग जिन्यावर काहीतरी घासत येत असल्याचा आवाज झाला. शांतिनाथ गादी ओढत आणत होते. पाठोपाठ परत वर गेले, स्टोव्ह, चहाची भांडी आणि दोन उशा घेऊन आले. गादी त्यांनी भोकरेंच्या मोटारीमागं भिंतीशी अंथरली.

“मगदूम, अहो तुम्ही तरी समजवा त्यांना,” भोकरे म्हणाले.

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ना साहेबांना, ना भावांना, ना विमावाल्यांना. ते स्टोव्हला पंप मारत होते. मान वर न करता म्हणाले, “मला नाही समजवायचं. आणि तुमची गाडी जरा पुढं घ्या, आम्हाला दोन माणसांची जागा लागेल.”

भोकरेंनी गाडी पुढं घेतली.

तळमजल्यावर शिकवणीचे वर्ग घेणाऱ्या बाईंनी वर्ग सुटल्यावर खोली उघडून दिली, न्हाणीघरासकट. आठवडा तसा काढला. लोकांनी काय काय म्हटलं ते सांगत बसत नाही. पुढच्याच गल्लीत एका डॉक्टरांचा बंद पडलेला दवाखाना होता, तळमजल्यावर, मागं अंगण. वरचा फ्लॅट भाड्यानं देऊन आम्ही तो घेतला. गवंडी लावून न्हाणीघर मोठं केलं, अंगणात उतार केला. आणि पुढच्या दाराचा दगडी उंबरा पहारीनं उखडायला सांगितला.

नेमक्या त्या वेळी माझी मोठी नणंद, त्रिशला आक्का, नारळ घेऊन आली. नव्या घराचा उंबरा पुजायला. दारात नुसती सिमेंटची ओली पट्टी बघून ती तिथंच थांबली.

“अगं, हे काय केलंस? उंबऱ्याशिवाय घर असतं का कुठं?”

शांतिनाथ आतून बाहेर आले. काहीतरी बोलणार होते. मी त्यांना हातानं थांबवलं आणि चाक फिरवून दारापर्यंत आले.

“असतं आक्का,” मी म्हणाले. “अख्खं शहर बघून आलेय. तू आत ये.”